पिन बसली म्हणून बटण दाबू नका: जुन्या होम कॉम्प्युटरला ॲड-ऑन लावायच्या आधी काय काय तपासायचं

मागच्या दिवाळीत पुतण्या नागपूरहून येताना एक जुना जॉयस्टिक इंटरफेस, म्हणजे जॉयस्टिक जोडायचा डबा, घेऊन आला, कोणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला, आणि मी वावरात होतो तेव्हा त्यानं तो माझ्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या, म्हणजे सिंक्लेअर कंपनीच्या १९८२ च्या होम कॉम्प्युटरच्या, मागं खुपसून बोर्डाचं बटण दाबलं. कापसाची वेचणी चालू होती म्हणून मी दिवेलागणीलाच घरी आलो, तर पोरगं तोंड पाडून ओसरीत बसलेलं, टीव्हीवर नुसत्या उभ्या पट्ट्या आणि इंटरफेसमधून जळका वास. "काका, पिन तर बरोबर बसली होती, मंग असं काहून झालं?"

पिन बसली होती हे खरंच होतं, पण ती एक घर सरकून बसली होती. खालच्या मेमरीतल्या दोन ४११६ चिपा गेल्या, त्या मिळवायला मला चार महिने लागले. त्याला मी रागावलो नाही कारण वीस वर्षांपूर्वी मीही हेच केलेलं आहे, फक्त वेगळ्या मशीनवर. मी दारव्ह्याकडच्या एका गावात राहतो, शेती आहे आणि सोबत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, आणि हे जुने कॉम्प्युटर माझ्याकडे असेच येत गेले, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या भंगारातून. इथं एखादी चिप जळली तर दुकानात जाऊन आणता येत नाही, म्हणून लावायच्या आधी काय पाहायचं ते सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. जास्त करून स्पेक्ट्रमबद्दल आहे कारण माझा हात त्याच्यावर बसलाय, पण बीबीसी मायक्रो आणि कमोडोर ६४ वाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पहिली गोष्ट करंट. ॲड-ऑन राहू द्या बाजूला, आधी कॉम्प्युटरला मिळणारी लाईन पाहा. ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या, स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, मूळ अडॅप्टर १.४ ॲम्पिअरचा, आणि त्याची पिन उलटी असते, म्हणजे मधल्या भोकात मायनस आणि बाहेर प्लस. आजकाल बाजारात जे अडॅप्टर मिळतात, राउटरचे, सेट-टॉप बॉक्सचे, ते जवळपास सगळे मध्ये प्लसवाले. पिन मात्र तीच बसते. याच कंपनीचा आधीचा झेडएक्स८१ त्याला मात्र टोकाला प्लस लागतो, म्हणजे दोन्ही सिंक्लेअरचे, दोन्ही ९ व्होल्टचे आणि दोघांची दिशा उलटी. त्यामुळे मल्टीमीटर लावून मोजल्याशिवाय कोणताही अडॅप्टर लावायचा नाही, स्टिकरवर काय छापलंय त्यावर तर अजिबात जायचं नाही. मी माझ्या अडॅप्टरची वायर कापून उलटी जोडली आणि पिनेला लाल टेप गुंडाळला, घरात सगळ्यांना सांगितलं की लाल टेपवाली पिन दुसऱ्या कशालाच लावायची नाही.

आता आपल्या भागातली खास अडचण. मूळ अडॅप्टर म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर, त्यात रेग्युलेटर नाही, रेग्युलेटर कॉम्प्युटरच्या आत आहे, ७८०५ नावाचा, जो ९ चे ५ व्होल्ट करतो. या ७८०५ ला नीट काम करायला आत साधारण ७ व्होल्ट तरी यावे लागतात. शहरात २३० व्होल्ट बरोबर येतात तेव्हा काही प्रश्न नाही, पण आपल्याकडे रब्बीत थ्री-फेज लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातली लाईन १७० वर येते. मग हिशोब करा, २३० ला ९ तर १७० ला साडेसहाच्या जवळ, म्हणजे ७८०५ चा श्वासच कोंडला. कॉम्प्युटर एकटा असेल तर कसाबसा चालतो, पण मागं इंटरफेस लावला की त्याचंही ओझं त्याच ५ व्होल्टवर येतं आणि मशीन मधेच रीसेट होते. माणूस म्हणतो इंटरफेस खराब आहे, कंपॅटिबल नाही, विकून टाकतो. इंटरफेस चांगला असतो, मोटारी चालू असतात. मी स्वतः एका इंटरफेसवर दोन आठवडे घालवले, सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले, आणि मग लक्षात आलं की ते रात्री अकरानंतर चांगलं चालते आणि सकाळी आठ ते दोन बिघडते, जो आमच्याकडे त्या आठवड्यात शेतीच्या लाईनचा टाइम होता. तेव्हापासून मी १०० ते २४० व्होल्टवर चालणारा स्विचिंग अडॅप्टर वापरतो, ९ व्होल्ट २ ॲम्पिअर, आणि हा त्रास संपला.

उन्हाळ्यात याच्या उलट त्रास. ७८०५ ९ मधून ५ काढतो म्हणजे उरलेले ४ व्होल्ट तो गरमीत घालवतो, १ ॲम्पिअरला ४ वॅट, आणि मे महिन्यात आपल्या घरातच ४२-४३ असतं. दोन ॲड-ऑन लावले की कीबोर्डच्या कडेला हात टेकवत नाही. ७८०५ च्या जागी बसणारे छोटे स्विचिंग रेग्युलेटर मिळतात, त्याच तीन पायांचे, ते टाकले की ही गरमी जवळपास जाते, मी सगळ्यांना हेच सांगतो की ॲड-ऑन वापरायचे असतील तर आधी हे करा. आणि कूलरसमोर कॉम्प्युटर ठेवू नका बापा. आपण माणसं गारव्याला बसतो ते ठीक, पण कूलरच्या ओल्या हवेतून पाण्यातला क्षार येतो आणि मागच्या कॉपरच्या पट्ट्यांवर पातळ थर धरतो, जो डोळ्याला दिसतही नाही पण काँटॅक्ट तोडतो.

कमोडोर ६४ वाल्यांसाठी एकच पण महत्त्वाचं. त्याच्या वीटेसारख्या मूळ अडॅप्टरमधून दोन लाईनी येतात, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की कमी नाही तर जास्त व्होल्ट द्यायला लागतो आणि मेमरी चिपा मारतो. आतमध्ये इपॉक्सी ओतलेली असल्यामुळे दुरुस्ती होत नाही. प्रत्येक वेळी मोजा, सव्वापाचच्या वर गेला की तो अडॅप्टर बाद. आणि अमेरिकेतून कोणी नातेवाइकानं आणलेली मशीन असेल तर ती १२० व्होल्टची, तिला आपल्या बोर्डात थेट लावलं तर ट्रान्सफॉर्मर जाणारच.

आता मागचा कनेक्टर, जिथं माझ्या पुतण्याचं चुकलं. स्पेक्ट्रमच्या मागं सॉकेट नाहीच, आतल्या बोर्डाचीच कड बाहेर काढलेली आहे, वरून २८ आणि खालून २८ घरं, आणि त्यातल्या ५ व्या घराच्या जागी बोर्डाला खाच आहे. म्हणजे खाचेच्या एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला २३. ॲड-ऑनच्या सॉकेटमध्ये त्या खाचेत बसणारी एक छोटी पट्टी असते, ती असेल तर कनेक्टर सरकूच शकत नाही. पण जुन्या इंटरफेसमधली ती पट्टी बरेचदा पडून गेलेली असते, आणि काही घरगुती बनवलेल्यांत कधी नव्हतीच. मग काय होतं ते पाहा. खालच्या बाजूला ३ ऱ्या घरात ५ व्होल्ट आणि लगेच ४ थ्या घरात ९ व्होल्ट, अगदी शेजारी-शेजारी. वरच्या बाजूला २० व्या घरात उणे ५ आणि २२ व्यात १२ व्होल्ट. एक घर सरकलं की ज्या चिपला ५ पाहिजेत तिला ९ मिळतात. आणि ते उणे ५ व्होल्ट क्षणभर जरी गेले तरी ४११६ मेमरी मरते, कारण तिला ५, १२ आणि उणे ५ असे तीनही एकाच वेळी लागतात. आत हे व्होल्ट बनवणारा टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर आहे, तोही अशा वेळी जातो. या मशीनवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, अर्ध्या दुरुस्त्या टीआर४ आणि खालच्या मेमरीच्याच असतात.

पट्टी नसेल तर बनवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मी संपलेल्या एटीएम कार्डाचे दोन तुकडे एकावर एक चिकटवले, काचपेपरवर घासून खाचेच्या रुंदीइतके केले, सॉकेटच्या ५ व्या घरातल्या पितळी पिना चिमट्यानं काढून टाकल्या आणि तिथं तो तुकडा अराल्डाइटनं बसवला. रात्रभर ठेवलं. आता पुतण्यानं डोळे मिटून लावलं तरी सरकत नाही.

लावायच्या आधी अजून एक तपासणी, ॲड-ऑन हातात असतानाच. मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि त्याच्या सॉकेटमध्ये ५ व्होल्टचं घर आणि खालच्याच बाजूच्या ६ किंवा ७ व्या घरातलं ग्राउंड यात मोजा. शून्य दाखवत असेल तर आत शॉर्ट आहे, लावायचं नाही. मग बोर्डाच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर शेवटी त्यानं. काचपेपर लावू नका, मुलामा निघून जातो. आणि चालू मशीनला काहीही लावायचं नाही, काढायचंही नाही. स्पेक्ट्रमला बटणच नाही त्यामुळे बोर्डाचं बटण बंद, पिन बाहेर, मगच हात मागं न्यायचा. लावल्यावर ॲड-ऑन हवेत लोंबकळता ठेवू नका, खाली वहीचा पुठ्ठा घडी करून द्या, कारण टायपिंग करताना मशीन हलते आणि काँटॅक्ट तुटला की सगळं गेलं. झेडएक्स८१ च्या १६के रॅम पॅकचं हे दुखणं तर जगभर प्रसिद्ध होतं, जरा धक्का लागला की तासाभराचं टाइप केलेलं पुसलं जायचं.

इथपर्यंत आलात म्हणजे काही जळणार नाही. पण चालेलच असं नाही, कारण खरी सोयरीक पुढं जुळवायची आहे.

कॉम्प्युटर ॲड-ऑनशी पोर्टच्या, म्हणजे त्या वस्तूच्या पत्त्याच्या, नंबरावरून बोलतो. त्याच्यातल्या झेड८० प्रोसेसरला १६ ॲड्रेस लाइनी, म्हणजे पत्ता सांगणाऱ्या तारा, आहेत, ए० ते ए१५, त्यामुळे तो हजारो पोर्टना वेगवेगळं बोलवू शकतो. पण १९८२ साली एकेक चिप वाचवायची म्हणून बनवणाऱ्यांनी सगळ्या लाइनी पाहिल्याच नाहीत. हे कसं झालं सांगतो. समजा गावात पोस्टमन आला आणि तो पाकिटावरचं फक्त आडनाव वाचतो. आमच्या गावात अर्धे देशमुख. "देशमुख, पत्र आलं" म्हटलं की सात घरातून सात जण बाहेर येतात आणि सगळेच एकदम बोलायला लागतात. स्पेक्ट्रमची स्वतःची युएलए चिप, जी कीबोर्ड, चित्र आणि आवाज सांभाळते, फक्त ए० पाहते, ती शून्य असली की, म्हणजे पोर्ट नंबर सम असला की, ती म्हणते माझंच काम आहे. नावाला तिचा पोर्ट २५४ पण प्रत्यक्षात सगळे सम नंबर तिचे. झेडएक्स प्रिंटर ए२ पाहतो, पोर्ट २५१. केम्पस्टन नावाच्या जॉयस्टिक इंटरफेसचा पोर्ट ३१, पण बरेचसे इंटरफेस फक्त ए५ शून्य आहे का एवढंच पाहतात.

याचा त्रास कुठं होतो? तुम्ही केम्पस्टन माऊस लावला तर त्याचे पोर्ट ६४२२३, ६४४७९ आणि ६५५०३, आणि या तिघांतही ए५ शून्यच आहे. म्हणजे प्रोसेसरनं माऊसला विचारलं की जॉयस्टिकही उत्तर देतो, दोघं एकाच तारेवर बोलतात आणि बाण पडद्यावर एका कोपऱ्यात जाऊन चिकटतो. माऊस खराब नाही, जॉयस्टिकही खराब नाही, दोघांपैकी एकालाच ठेवा किंवा जॉयस्टिकच्या इंटरफेसला पूर्ण पत्ता वाचायला शिकवा.

ते शिकवणं अवघड नाही, मी केलंय. ३१ मध्ये ए५, ए६ आणि ए७ तिन्ही शून्य असतात, माऊसच्या पोर्टमध्ये ए६ आणि ए७ एक असतात. म्हणून एक ७४एलएस३२ घ्यायची, त्यात चार ऑर गेट असतात, नागपूरच्या सीताबर्डीवर सहज मिळते. इंटरफेसच्या बोर्डावर ए५ ची पट्टी कटरनं तोडायची, ए५ आणि ए६ पहिल्या गेटला, त्याचं आउटपुट आणि ए७ दुसऱ्या गेटला, आणि दुसऱ्या गेटचं आउटपुट जिथं आधी ए५ जात होती तिथं. उरलेल्या गेटांचे इनपुट ग्राउंडला टाका, लोंबकळत ठेवू नका, आणि चिपच्या ५ व्होल्टजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर द्या. आता तिन्ही शून्य असतील तेव्हाच जॉयस्टिक बोलेल. माझ्या हातचं पहिलं पूर्ण यशस्वी काम हे होतं, अजून तसंच चालतंय.

पोर्टची टक्कर सगळ्यात जास्त दिसते ती नव्या आणि जुन्या ॲड-ऑनमध्ये. आजकाल मेमरी कार्डवरून गेम लोड करणारे डिव्हएमएमसी मिळतात, खूप छान वस्तू आहे. त्याचे पोर्ट २२७, २३१ आणि २३५. आणि १९८३ चा सिंक्लेअरचा इंटरफेस १, ज्याला मायक्रोड्राइव्ह, म्हणजे छोट्या टेपचे ड्राइव्ह, लागतात, त्याचे २३१, २३९ आणि २४७. पाहा, २३१ दोघांचाही. दोन्ही एकावर एक लावता येतात, पिना बरोबर बसतात, सगळं दिसायला छान, आणि दोघांपैकी एकही नीट चालत नाही.

त्या दोघांचं एवढ्यावरच भागत नाही, त्यांचं रॉमवरूनही, म्हणजे कायमचा प्रोग्राम असलेल्या चिपवरूनही, भांडण आहे. स्पेक्ट्रमच्या कनेक्टरवर २५ व्या घरात रॉमसीएस नावाची लाईन आहे, ॲड-ऑननं ती वर ओढली की आतली रॉम गप्प बसते आणि ॲड-ऑनची रॉम बोलायला लागते. इंटरफेस १ काय करतो, प्रोसेसर ८ नंबरच्या पत्त्यावर पोचला, जिथं बेसिकची एरर आली की तो जातो, की आपली ८के ची रॉम पुढं करतो. डिव्हएमएमसीही त्याच ८ नंबरवर आपली रॉम पुढं करतो. दोन रॉम एकाच वेळी बोलल्या की प्रोसेसरला काय ऐकू येणार? मशीन चालू केल्यावर कॉपीराइटची ओळ येते, सगळं ठीक वाटतं, आणि पहिली चुकीची कमांड दिली की लटकते. हे लक्षण ध्यानात ठेवा. चालू होते पण एरर आली की मरते, म्हणजे रॉमचं भांडण. तसंच मल्टिफेसचं, म्हणजे चालू गेम मधेच थांबवून कॉपी करणाऱ्या ॲड-ऑनचं, लाल बटण आणि डिव्हएमएमसीचं बटण दोन्ही प्रोसेसरला १०२ या एकाच पत्त्यावर पाठवतात, म्हणून त्या दोघांनाही सोबत बसवू नका. माझ्या मते ज्या ॲड-ऑनमध्ये स्वतःची रॉम आहे असे दोन एका मशीनवर लावायचेच नाहीत, जोपर्यंत त्यातल्या एकाला रॉम बंद करायचा जंपर, म्हणजे काढता-घालता येणारा छोटा जोड, नाही. यात मी कोणाशी तडजोड करत नाही.

आणि मशीन बदलली की सगळा हिशोब बदलतो. स्पेक्ट्रम +२ए आणि +३, काळ्या डब्यातले, ॲमस्ट्रॅडनं १९८६ ला सिंक्लेअरचे कॉम्प्युटर विकत घेतल्यावर आलेले, त्यांचा मागचा कनेक्टर दिसायला डिट्टो तोच आहे, तीच २८ घरं, तीच खाच. पण रॉमसीएस तिथं नाहीच, त्याच्या बदल्यात वेगळ्या घरांमध्ये दोन वेगळ्या लाइनी आहेत. त्यामुळे इंटरफेस १ नाही चालत, मल्टिफेस १ नाही चालत, +३ साठी मल्टिफेस ३ वेगळा काढावा लागला. शिवाय +३ च्या पॉवर सप्लायमधून ५, १२ आणि उणे १२ व्होल्ट येतात, ९ व्होल्ट येतच नाहीत, तर ९ वर चालणारा ॲड-ऑन तिथं उपाशी राहणार. डिव्हएमएमसीच्या बऱ्याच बोर्डांवर +३ साठी जंपर असतो, घेताना आधी तेच विचारा. +२ करडा आहे का काळा, हा पहिला प्रश्न, कारण करडा +२ आतून जुन्या १२८के स्पेक्ट्रमसारखाच आहे आणि त्याला रॉमसीएस आहे.

जॉयस्टिकचं थोडं वेगळं सांगतो कारण गावातली पोरं यातच फसतात. नऊ पिनांचा प्लग पाहिला की सगळ्यांना वाटतं एकच आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जत्रेत, बाजारात जे टीव्ही गेम मिळायचे, पिवळ्या कॅसेटवाले, त्यांच्या रिमोटलाही नऊ पिनांचाच प्लग असायचा आणि अजूनही घराघरात पडलेले आहेत. पण त्याच्या आत स्विच थेट बाहेर येत नाहीत, आत एक शिफ्ट रजिस्टर चिप आहे जी बटणांची माहिती एकामागं एक पाठवते. अटारी पद्धतीच्या जॉयस्टिकमध्ये मात्र १ ते ४ पिना वर, खाली, डावं, उजवं, ६ वर फायर, ८ ग्राउंड, प्रत्येक स्विच सरळ ग्राउंडला. हे दोन एकमेकांना लावून चालणारच नाहीत. सेगाच्या मेगा ड्राइव्हचं पॅडही तसंच, त्याला ५ नंबर पिनेवर ५ व्होल्ट लागतात, अटारी पद्धतीत ते ७ वर असतात. एमएसएक्स कॉम्प्युटरलाही ५ वरच. आणि +२, +३ च्या अंगावरच्या जॉयस्टिक पोर्टची वायरिंग मुद्दाम वेगळी केलेली, जेणेकरून त्यांचीच जॉयस्टिक घ्यावी लागेल, मला हे कधीच पटलं नाही. ओळखायचं कसं, मल्टीमीटर बझरवर ठेवा, एक टोक ८ वर, दुसरं १ वर, आणि जॉयस्टिक वर ढकला. ढकलल्यावर वाजला आणि सोडल्यावर बंद झाला तर अटारी पद्धतीचा. मग २, ३, ४ आणि ६ असंच पाहा. काहीच वाजत नसेल तर आत चिप आहे, ठेवून द्या.

लावल्यावर तपासायला चार शब्दांचा प्रोग्राम पुरतो. १० नंबरला प्रिंट ॲट ०,०, इन ३१, आणि कोटमध्ये तीन मोकळ्या जागा, २० नंबरला गो टू १०. केम्पस्टन बरोबर असेल तर पडद्यावर ० दिसेल, उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. काही न दाबता २५५ दिसला किंवा आकडे उड्या मारत राहिले तर इंटरफेस उत्तरच देत नाही, काँटॅक्ट पाहा. एखादाच आकडा कायम चिकटलेला असेल, समजा ४, तर ती एक वायर किंवा तो एक स्विच अडकलाय.

शाळेतल्या बीबीसी मायक्रोबद्दलही सांगायला पाहिजे, कारण १९८४ मध्ये सरकारच्या क्लास नावाच्या संगणक-साक्षरता प्रकल्पात हे मशीन आपल्या देशातल्या शाळांमध्ये आलं होतं आणि अजून कुठंकुठं कपाटात पडलेलं सापडतं. पहिलं काम, चालू करू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन लाईनवर पारदर्शक पिवळसर कपॅसिटर असतात, इतक्या वर्षांत त्यांच्या कवचाला तडे जातात, ओल शिरते आणि चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांत फट्‌ आवाज होऊन खोलीभर घाण धूर. आधी ते बदला, एक्स२ प्रकारचेच टाका. मग पोटाखालचे कनेक्टर पाहा. फ्लॉपीचा ३४ पिनांचा आणि एक मेगाहर्ट्‌झ बसचाही ३४ पिनांचाच, दोन्हींत एकच रिबन बसते. उताणं करून छापलेलं नाव वाचून मगच लावा. माऊस युजर पोर्टला लागतो आणि मेमरी कार्डचे बरेच ॲड-ऑनही युजर पोर्टलाच, तर एका वेळी एकच. आणि फ्लॉपी चालवणारी डीएफएस रॉम टाकली की ती स्वतःसाठी मेमरी घेते, बेसिकची सुरुवात ३५८४ वरून ६४०० वर सरकते, म्हणजे २८१६ बाइट गेले. ३२के च्या मशीनमध्ये हे मोठं आहे, म्हणून कॅसेटवरून चालणारा गेम डिस्क लावल्यावर "नो रूम" म्हणतो. तिथं हार्डवेअरमध्ये शोधू नका.

टीव्ही आणि कॅसेटचं थोडक्यात. स्पेक्ट्रम टीव्हीला यूएचएफ ३६ नंबर चॅनलवर सिग्नल देतो. चित्राचं गणित, ६२५ ओळी आणि ५० हर्ट्‌झ, इंग्लंडचं आणि आपलं सारखंच, पण आवाजाचं नाही. त्यांच्याकडे आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्‌झवर, आपल्याकडे साडेपाचवर. ४८के चा आवाज त्याच्या आतल्या स्पीकरमधून येतो त्यामुळे कळत नाही, पण १२८ आवाज टीव्हीतून देतो, म्हणून आपल्या जुन्या टीव्हीत चित्र सुंदर आणि आवाज नुसता खरखर. चिप बदलत बसू नका, आवाज वेगळी वायर काढून घ्या. मोबाइलवरून गेम लोड करताना मोनो जॅक वापरा, आवाज फुल ठेवा, इक्वलायझर आणि सगळे इफेक्ट बंद करा, आणि लोडला सुरुवात झाल्यावर बॉर्डरवर लाल-आकाशी जाड पट्टे स्थिर दिसले पाहिजेत, मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघा. लाल-आकाशी पट्टेच येत नसतील तर आवाज कमी पडतोय, मधे एखादा छोटा अँप्लिफायर टाका. सेव्ह करताना इअर सॉकेटमधली वायर काढून ठेवा, नाहीतर दोन्ही वायरींत आवाज गोल फिरतो आणि रेकॉर्डिंग खराब होतं.

अर्थिंग विसरू नका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि सेट-टॉप बॉक्सच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, तोच करंट टीव्हीच्या वायरीतून कॉम्प्युटरला येतो. मी एप्रिलपासून दर दोन दिवसांनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकतो. आणि वायर आधी जोडा, बटण नंतर.

एवढं सगळं जुळलं तरी एका वेळी एकच ॲड-ऑन लावा. आधी नुसती मशीन वीस मिनिटं चालवा, मग एक लावा, वीस मिनिटं, मग दुसरा. पुतण्या आता प्रत्येक ॲड-ऑनसाठी वहीत एक पान करतो, व्होल्ट किती, कोणते पोर्ट, रॉम आहे का नाही, ४८के ला चालतो का +३ ला, आणि खाली तारीख. परवा रात्री त्यानं दुरुस्त केलेल्या मशीनला तोच दिवाळीतला इंटरफेस, आता एटीएम कार्डाची पट्टी आणि नवीन चिप टाकलेला, लावला. बटण दाबायच्या आधी मला म्हणे, "काका, तुम्ही एकदा पाहून घ्या ना." मी पाहिलं, मान हलवली, त्यानं बटण दाबलं. पडद्यावर शून्य आला, त्यानं फायर दाबलं आणि सोळा.